बल्बमधली साखर कोण खातं? बायोकेमिस्ट्रीत येऊ पाहणाऱ्यांसाठी

बीएस्सीचे रिझल्ट लागले की गावाकडून एक-दोन फोन येतातच, ताई बायोकेमिस्ट्री घेऊ का, स्कोप आहे का. स्कोप या शब्दाचा मला आता रागच येतो पण फोन उचलते, आणि दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं म्हणून हे.

माझं थोडक्यात सांगते. बीएस्सी केमिस्ट्री बार्शीला, मग एमएस्सी बायोकेमिस्ट्री, मग तीन वर्षं पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, मग एन्झाइम (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रोटीन) बनवणाऱ्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासायला, आणि आता इंजेक्शनमधून द्यायची प्रोटीनची औषधं शुद्ध करायचं काम. लोकांना वाटतं मी तीनदा लाइन बदलली. मला तसं कधी वाटलं नाही, कारण तिन्हीकडे डोक्यात प्रश्न एकच असतो, आपण बघत नसताना तो मॉलिक्यूल तिथे काय करतोय.

हे मला एमएस्सीत कळलं नव्हतं बरं का. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशी साखर तोडते त्या वाटेच्या, दहा स्टेप्स एन्झाइमांसकट पाठ केल्या, इनॉलेझ नवव्या नंबरला, पेपर झाला आणि विसरले. लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात सिनिअर मॅडमनी राखाडी झाकणाचा बल्ब, म्हणजे रक्त घ्यायची छोटी नळी, हातात दिला आणि विचारलं, शुगरचं सॅम्पल यातच का घेतात? मी म्हटलं, यात फ्लोराइड असतं. हो, पण ते करतं काय? गप्प. तर ते इनॉलेझ बंद पाडतं. रक्त काढलं म्हणजे पेशी मेल्या असं नसतं, तांबड्या पेशी बल्बमध्ये बसूनही साखर खात राहतात, साध्या बल्बमध्ये रक्त मशीनवर गरगर फिरवून पेशी वेगळ्या न करता तसंच ठेवलं तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर उतरते. मे महिन्यात लांबच्या कलेक्शन सेंटरवरून दुपारी सॅम्पल येतात तेव्हा तर विचारूच नका, डायबेटिसचा पेशंट कागदावर नॉर्मल होऊन जातो. आणि अजून एक, फ्लोराइड घातलं तरी पहिले एक-दोन तास साखर थोडी कमी होतच राहते कारण इनॉलेझ नवव्या स्टेपला आहे, त्याच्या वरचं सगळं चालूच असतं. शेवटची तोटी बंद केली तरी पाइप भरेपर्यंत टाकीतलं पाणी उतरतच राहतं ना, तसं. मी त्या दिवशी घरी जाऊन जुनी वही काढली आणि पहिल्यांदा ग्लायकोलिसिस वाचलं असं म्हणता येईल.

दुसरा किस्सा. एका बाईंचं पोटॅशियम ८ च्या वर आणि कॅल्शियम ३ आलं. मी घाबरून फोनच उचलला डॉक्टरांना सांगायला, एवढं पोटॅशियम म्हणजे हृदय बंद पडायची वेळ. लॅबचे सर म्हणाले थांब, आधी अल्कलाइन फॉस्फेटेज (रक्तातलं एक एन्झाइम) बघ. तेही अगदी तळाला. झालं असं होतं की प्लेन बल्बमध्ये रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्या झाकणाच्या बल्बमधलं थोडं त्यात ओतलं होतं. त्या बल्बमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, पोटॅशियमच्या सॉल्टच्या रूपात, म्हणून पोटॅशियम वर. ईडीटीए कॅल्शियमला मिठी मारून बसतं म्हणून कॅल्शियम खाली, आणि त्या एन्झाइमला लागणारं झिंक-मॅग्नेशियमही पळवतं म्हणून तेही खाली. पेशंट बाई तोवर बाहेर बाकावर बसून चहा पीत होत्या. एका चुकीत कोऑर्डिनेशन केमिस्ट्रीचा, म्हणजे धातूंना धरून ठेवणाऱ्या रसायनांचा, अख्खा चॅप्टर.

लॅबमध्ये जायचं असेल तर दोन गोष्टी आधी माहीत करून घ्या, मला कुणी सांगितल्या नव्हत्या. एक, साधी एमएस्सी बायोकेमिस्ट्री दोन वर्षांची आणि मेडिकल कॉलेजातली मेडिकल बायोकेमिस्ट्रीची एमएस्सी तीन वर्षांची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेडिकल कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर दुसरीची चौकशी करा. दोन, तुम्ही कितीही शिकलेले असा, रिपोर्टवर सही बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचीच. काहींना हे फार लागतं, मला दोन वर्षांनी लागायला लागलं. बाकी रोजचे कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेली सॅम्पल) लावणं, चार्टवर त्यांचे ठिपके बघणं, लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं ऑडिट जवळ आलं की रात्री जागणं, ते सगळीकडे सारखंच.

एन्झाइमच्या कंपनीत गेले तेव्हा पहिला धक्का वासाचा. फर्मेंटरचा, म्हणजे जंतू वाढवायच्या टाकीचा, वास कपड्यांतून जात नाही, घरच्यांनी जेवताना वेगळं बसवलं होतं मला! पण इथे कळलं की कपड्याच्या साबणात प्रोटीएझ, जीन्स मऊ करायला सेल्युलेझ, फळांचा रस गाळायला पेक्टिनेझ, म्हणजे आपण पुस्तकात चित्र काढत होतो त्या वस्तू इथे पोत्यांनी विकल्या जातात. आणि एन्झाइम ग्रॅमवर नाही, युनिटवर विकतात. किती वजन आहे याला किंमत नाही, किती काम करतं याला आहे. त्यामुळे वॉटर बाथ एक डिग्री इकडेतिकडे झाला तर रिझल्ट हलतो आणि मार्केटिंगवाले डोक्यावर येऊन उभे राहतात. मास्कचं मात्र हसण्यावारी नेऊ नका, १९६० च्या दशकाच्या शेवटी पावडरच्या एन्झाइममुळे डिटर्जंट कारखान्यांतल्या कामगारांना दमा लागला होता, त्यानंतरच धूळ उडणार नाही असे वरून लेप दिलेले दाणे आले.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण पेनिसिलिनचं. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, आमच्या पिढीला ते फक्त बसस्टॉपचं नाव वाटतं. पेनिसिलिनपासून अमॉक्सिसिलिनसारखी पुढची औषधं करायची तर त्याची बाजूची साखळी तोडावी लागते, पण मधली बीटा-लॅक्टम रिंग, म्हणजे औषधाचा खरा कामाचा भाग, मोडता कामा नये, आणि ती रिंग भलती नाजूक. आधी हे काम उणे ४० डिग्रीच्या आसपास, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि सॉल्व्हंट वापरून करायचे. पेनिसिलिन ॲसायलेझ हे एन्झाइम तेच काम पाण्यात करतं, आपल्या अंगाच्या तापमानाला, रिंगला हात न लावता. केमिस्ट्रीवाल्या मुलांना मी हे सांगते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आताच्या नोकरीत प्रोटीन म्हणजे तान्हं बाळ. फेस आला की हवेच्या कडेला जाऊन ते उलगडतं, एकमेकांना चिकटून गोळे होतात, मग औषध म्हणून कामाचं नाही. इन्सुलिन तर ५१ अमिनो ॲसिडचं, इवलंसं, तरी फ्रीझरमध्ये ठेवू नका आणि जोरात हलवू नका असं सांगतात ते यासाठीच. निम्मा दिवस मात्र लिहिण्यात जातो, इथे जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात. अक्षर सुधारा, गंमत नाही करत.

परीक्षांचं लवकर उरकते. संशोधनाकडे जायच्या परीक्षा दोन, सीएसआयआर नेट आणि गेट. नेट लाइफ सायन्सेसमधून द्या, गेटला बायोटेक्नॉलॉजी किंवा एक्सएल (म्हणजे लाइफ सायन्सेसचा पेपर), एक्सएलमध्ये केमिस्ट्री सगळ्यांना असते म्हणून केमिस्ट्रीवाल्यांनी तिकडे बघावं. पीएचडी करायची नसेल तरी द्या, निदान अभ्यास तरी होतो. पण त्याहून मोठं म्हणजे पिपेट हातात बसू द्या आणि प्रोजेक्ट स्वतः करा, विकत आणू नका. मी एमएस्सीच्या प्रोजेक्टला ट्रिस बफर (पीएच, म्हणजे आम्लता, स्थिर ठेवणारं द्रावण) बाहेर टेबलावर पीएच ८ चा केला आणि कोल्ड रूममध्ये नेऊन प्रोटीन वेगळं करायचा कॉलम चालवला, प्रोटीन नेहमीच्या जागी उतरेच ना, तीन आठवडे गेले. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, २५ डिग्रीला ८ असेल तर ४ डिग्रीला ८.६ च्या आसपास जातो. पुस्तकात लिहिलेलं असतं हो, वाचतं कोण.

आमच्याकडे नवीन मुलं घेताना मी राखाडी झाकणाचाच प्रश्न विचारते. बहुतेक जण फ्लोराइड म्हणून थांबतात, काही जण रक्त गोठू नये म्हणून असं ठोकून देतात. परवा एक मुलगी म्हणाली, मॅडम नक्की माहीत नाही, पण ते साखर खाणारं कुठलं तरी एन्झाइम अडवत असणार, कुठलं ते उद्या बघून सांगू का. तिला घेतलं. सध्या ट्रिस बफर करतेय, कोल्ड रूममध्ये, स्वेटर घालून.