घ्यायच्या आधीच कारण लिहून ठेवा
राजवाड्याजवळून महेश्वरी साडी घेतली, घरी उजेडात बघितली तर काठ जरा भडकच, पण नणंदेनं विचारलं तर मी लगेच ‘अगं लग्नसराईत हाच रंग उठून दिसतो’ वगैरे सुरू, दुकानात हे डोक्यातही नव्हतं हं! १९५६ साली मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी प्रयोगात बायकांना साधारण सारख्याच आवडलेल्या दोन घरगुती वस्तूंतली एक निवडायला लावली, मग निवडलेली आणखी छान वाटायला लागली आणि सोडलेली फिकी. म्हणून आता पैसे देण्याआधी मोबाइलमध्ये ‘का घेतेय’ ते दोन ओळी टाइप करते. चार दिवसांनी उघडून बघायचं, जे कारण तिथे नाही पण तोंडातून येतंय ते नंतर जुळवलेलं. बदलून द्यायची मुदत संपायच्या आत बघा मात्र!