इटालियन वाईन चाखताना क्रम आणि टेम्परेचर सांभाळा
एकाच संध्याकाळी दोन-तीन बाटल्या उघडणार असाल तर आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग व्हाईट, शेवटी रेड, कारण एकदा बारोलो या रेडचा तुरटपणा जिभेवर बसला की नंतर सोआवे या व्हाईटची नाजूक चव कळतच नाही. प्रोसेको ही स्पार्कलिंग ६ ते ८ डिग्रीला मस्त लागते, व्हाईट १० च्या आसपास, आणि रेड रूम टेम्परेचरला म्हणतात ना, ते आपल्याकडच्या मे महिन्यातल्या रूमचं नाही हो, १६ ते १८ डिग्री, म्हणून कियांती ही रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच, नाहीतर नुसतं अल्कोहोल नाकात जातं.

ग्लास एक तृतीयांशच भरा. आधी न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून परत घ्या, फरक लगेच कळतो. बारोलो रंगाने फिकी, काठाला विटकरी झाक, बघून वाटतं हलकी असेल, पण घोट घेतला की हिरड्या आवळतात, ती नेब्बिओलो द्राक्षाची खासियत आहे. ही नुसती पिऊ नका, सोबत पार्मेजानो चीज किंवा मटण घ्या, तोच तुरटपणा एकदम मऊ लागतो.

प्रोसेको घेताना लेबल वाचा, नावात ड्राय (कमी गोड) असलं तरी एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूट या प्रकारापेक्षा गोड असते, लिटरमागे १२ ते १७ ग्रॅम साखर. आणि जमलं तर शेजारी फ्रांचाकोर्ता ही दुसरी इटालियन स्पार्कलिंग ठेवा, ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, किमान १८ महिने यीस्टवर राहते म्हणून ताज्या पावासारखा वास येतो, प्रोसेको बहुतेक टाकीत बनते त्यामुळे तिच्यात सफरचंद-पेअरचा ताजेपणा जास्त.