अंश पाहावा, छेदही विचारावा : स्नूकर स्पर्धेचा पूर्वआढावा आकडेवारीच्या आधारे कसा लिहावा

२०२३ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेपूर्वी बेल्जियमच्या लुका ब्रेसेलविषयी एक आकडा कोणालाही सहज सापडला असता. ही स्पर्धा जिथे भरते त्या शेफील्डच्या क्रुसिबल थिएटरमध्ये तो तोवर पाच वेळा खेळला होता आणि पाचही वेळा पहिल्याच फेरीत हरला होता. आकडा अचूक होता. त्या वर्षी मात्र तो पहिल्या फेरीतून १०-९ असा जेमतेम निसटला. पुढे रॉनी ओ'सलिव्हनविरुद्ध ६-१० असा मागे असताना त्याने सलग सात फ्रेम (लढतीतील स्वतंत्र डाव) जिंकल्या, उपांत्य फेरीत सी जियाहुईविरुद्ध ५-१४ वरून १७-१५ असा विजय खेचून आणला आणि मार्क सेल्बीला १८-१५ असे हरवून तो जगज्जेता झाला. ‘क्रुसिबलवर एकही विजय नाही’ या विधानामागे केवळ पाच लढती होत्या आणि त्यांपैकी पहिली तो अवघ्या सतराव्या वर्षी खेळला होता. स्पर्धेचा पूर्वआढावा लिहू पाहणाऱ्याने प्रत्येक आकड्याला पहिला प्रश्न विचारावा तो हाच : याचा छेद किती?

कामाला सुरुवात मात्र खेळाडूंपासून करू नये; स्पर्धेच्या रचनेपासून करावी. कोणत्या फेरीत किती फ्रेमची लढत आहे, हे आधी कागदावर मांडावे; १९ फ्रेमची लढत म्हणजे जो आधी दहा फ्रेम जिंकेल तो विजयी. जागतिक अजिंक्यपदात पहिली फेरी १९ फ्रेमची, दुसरी आणि उपांत्यपूर्व फेरी २५ ची, उपांत्य फेरी ३३ ची आणि अंतिम लढत ३५ फ्रेमची असते. मास्टर्समध्ये अंतिम लढतीपूर्वीच्या सर्व लढती ११ फ्रेमच्या असतात, तर अनेक मानांकन स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्या सातच फ्रेममध्ये आटोपतात. एखादा खेळाडू प्रतिस्पर्ध्यापेक्षा किंचित सरस आहे आणि कोणतीही एक फ्रेम जिंकण्याची त्याची शक्यता ५५ टक्के आहे, असे समजा. सात फ्रेमच्या लढतीत त्याच्या विजयाची शक्यता सुमारे ६१ टक्के होते, १९ फ्रेमच्या लढतीत सुमारे ६७ आणि ३५ फ्रेमच्या लढतीत सुमारे ७२ टक्के. खेळाडू तेच, कौशल्य तेच; लढत लांबली की सरस खेळाडूचे पारडे आपोआप जड होते. छोट्या लढतींच्या स्पर्धेत धक्कादायक निकाल अधिक लागतात त्याचे मोठे कारण हे गणितच आहे आणि आढाव्यातील भाषा त्या मानाने सावध असायला हवी.

यानंतर सोडत आणि क्रमवारी पाहावी. व्यावसायिक क्रमवारी हे खेळाच्या दर्जाचे थेट मोजमाप नाही. २०१४ पासून ती मानांकन स्पर्धांमध्ये मिळवलेल्या बक्षीस रकमेवर ठरते, ही रक्कम मागील दोन वर्षांची धरली जाते आणि जुन्या स्पर्धेची रक्कम मुदत संपताच गळून पडते. जागतिक विजेत्याला ५ लाख पौंड मिळतात, म्हणून त्या एका यशावर खेळाडू दोन वर्षे क्रमवारीत वर राहू शकतो, मधल्या काळात त्याचा खेळ कितीही घसरलेला असला तरी. मास्टर्स ही निमंत्रितांची स्पर्धा असल्याने तेथील रक्कम या हिशेबात धरलीच जात नाही. त्यामुळे दोन वर्षांच्या क्रमवारीशेजारी चालू मोसमाची स्वतंत्र यादी ठेवावी आणि दोन्हींत ज्यांच्या स्थानात मोठी तफावत दिसेल त्यांच्या नावांवर खूण करावी. आढाव्यातील सर्वांत वाचनीय परिच्छेद बहुधा याच नावांतून निघतो.

काही वेळा क्रमवारी पूर्णपणे गप्प असते. २०२५ मध्ये झाओ शिनतोंग बंदीची मुदत संपवून परतला होता आणि हौशी खेळाडू म्हणून जागतिक स्पर्धेत उतरला होता. क्रमवारीत त्याचे नावच नव्हते. पात्रतेच्या चार फेऱ्या पार करून तो क्रुसिबलवर पोहोचला, उपांत्य फेरीत त्याने ओ'सलिव्हनला १७-७ असे हरवले आणि अंतिम फेरीत मार्क विल्यम्सला १८-१२ असे. २०२१ ची यूके चॅम्पियनशिप त्याच्या नावावर होती आणि २०२४-२५ च्या मोसमात क्यू टूर या दुय्यम मालिकेतील स्पर्धाही तो जिंकत होता. मुख्य यादीबाहेरच्या स्पर्धांचे निकाल चाळण्याची सवय ज्याला होती, त्याला हे नाव दुर्लक्षिण्याजोगे वाटले नसते. पात्रता फेरीतून आलेल्या प्रत्येक खेळाडूसाठी ही तपासणी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता गुण मिळवण्याच्या क्षमतेकडे वळू. ब्रेक म्हणजे एका खेळीत सलग मिळवलेले गुण; शतकी ब्रेकची संख्या हा स्नूकरमधील सर्वांत लोकप्रिय आकडा आहे आणि सर्वांत जास्त दिशाभूलही तोच करतो. जो खेळाडू स्पर्धांमध्ये वारंवार शेवटपर्यंत पोहोचतो तो अधिक फ्रेम खेळतो आणि म्हणून त्याची शतकेही वाढतात. कल्पनेतले दोन खेळाडू घेऊ. एकाने ९०० फ्रेममध्ये ६० शतके केली, दुसऱ्याने ३३० फ्रेममध्ये ३०. यादीत पहिला दुसऱ्याच्या दुप्पट दिसतो. प्रत्यक्षात पहिल्याला एका शतकासाठी सरासरी १५ फ्रेम लागल्या आणि दुसऱ्याला ११. क्यूट्रॅकरसारख्या संकेतस्थळांवर खेळलेल्या फ्रेमची संख्याही सापडते, तेव्हा हा भागाकार टाळण्याचे काही कारण नाही.

दर काढला तरी शतकांचे महत्त्व मर्यादितच राहते. २०१३-१४ च्या मोसमात नील रॉबर्टसनने १०३ शतके ठोकली. एका मोसमात शंभरी ओलांडणारा तो पहिला खेळाडू. त्या मोसमाच्या अखेरीस क्रुसिबलवर उपांत्य फेरीत त्याला हरवले ते मार्क सेल्बीने, १७-१५ असे. पुढे अंतिम फेरीत ५-१० असा मागे पडूनही सेल्बीने ओ'सलिव्हनला १८-१४ असे नमवले. फ्रेम ४० गुणांच्या दोन खेळींनी जिंकली काय किंवा १४७ च्या ब्रेकने जिंकली काय, धावफलकावर ती एकच मोजली जाते. म्हणून मी शतकांपेक्षा ७० किंवा त्याहून मोठ्या ब्रेकचा दर अधिक विश्वासार्ह मानतो. टेबलावर मुळात १४७ गुण असतात, तेव्हा ७४ गुण झाले की प्रतिस्पर्ध्याला फाउलचे गुण मिळाल्याशिवाय फ्रेम वाचवता येत नाही. सत्तरीचा ब्रेक म्हणजे जवळजवळ एका खेळीत जिंकलेली फ्रेम. पन्नाशीच्या ब्रेकनंतर मात्र फ्रेम पुष्कळदा हातची जाते आणि ती किती वेळा गेली, याची नोंद खेळाडूचा एक महत्त्वाचा गुण उघड करते.

पॉटच्या, म्हणजे चेंडू पॉकेटमध्ये घालण्याच्या, यशाची टक्केवारी प्रक्षेपणात सतत झळकते. ९४ आणि ९७ यांतील अंतर वाचकाला क्षुल्लक वाटते, ते तसे नाही. शतकासाठी ढोबळमानाने २५ चेंडू लागोपाठ पॉट करावे लागतात असे धरले आणि प्रत्येक पॉट सारखाच कठीण मानला, तर ९७ टक्के अचूकतेने ही मालिका पूर्ण होण्याची शक्यता सुमारे ४७ टक्के येते, ९४ टक्के अचूकतेने २१ आणि ९० टक्के अचूकतेने अवघी ७. प्रत्यक्षात सर्व पॉट सारखे नसतात आणि खरी अडचण तिथेच आहे.

एक प्रसंग जवळून पाहू. पांढरा चेंडू बॉल्क कुशनला (जिथून खेळ सुरू होतो त्या टोकाच्या कडेला) जवळजवळ टेकलेला आहे, बहुतेक लाल चेंडू ब्लॅकभोवती पसरलेले आहेत आणि एकच लाल कोपऱ्यातील पॉकेटच्या रेषेत आहे. खेळाडू तो लाल अशा वेगाने खेळतो की पॉट झाला तर एक गुण आणि पुढची संधी मिळावी आणि चुकला तरी पांढरा चेंडू फिरून पुन्हा बॉल्कमध्ये सुरक्षित यावा. यालाच ‘शॉट टू नथिंग’ म्हणतात. चेंडू पॉकेटच्या जबड्यात अडखळतो, पांढरा अगदी ठरल्याप्रमाणे ब्राऊनच्या मागे जाऊन थांबतो आणि प्रतिस्पर्धी अडचणीत येतो. खेळाच्या दृष्टीने हा उत्तम शॉट होता. पॉटच्या तक्त्यात मात्र तो अपयश म्हणून नोंदवला जातो. याउलट, अवघड लाल दिसताच सेफ्टीचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला संधी न देण्याचा बचावात्मक मार्ग धरणाऱ्या खेळाडूची टक्केवारी त्याने कठीण पॉट टाळल्यामुळेच फुगते. सेफ्टीच्या यशाचा आकडा तर नोंद घेणाऱ्याच्या मतावर अवलंबून असतो, कारण प्रतिस्पर्ध्याला ‘सोपी संधी’ मिळाली की नाही, हे शेवटी कोणीतरी ठरवायचे असते. दोन वेगवेगळ्या प्रक्षेपणांतील सेफ्टीचे आकडे म्हणूनच शेजारी ठेवू नयेत. लाँग पॉटची, म्हणजे लांबवरून खेळलेल्या पॉटची, टक्केवारी अधिक बोलकी असते, परंतु एका लढतीत असे प्रयत्न मोजकेच होतात. निदान दहा-बारा लढती एकत्र केल्याशिवाय तिच्यावर वाक्य उभारू नये. शक्य असेल तर चुरशीच्या दोन खेळाडूंची एकेक पूर्ण लढत वही घेऊन पाहावी आणि प्रत्येक चुकलेल्या लाँग पॉटनंतर पांढरा चेंडू कुठे थांबला, एवढीच नोंद करावी. कोणत्याही तयार तक्त्यात न मिळणारी माहिती अशा एका संध्याकाळी हाती येते.

दर शॉटला लागणारा सरासरी वेळ मी दर्जाचे लक्षण मानत नाही. १९९७ मध्ये ओ'सलिव्हनने ३६ शॉटचा १४७ चा ब्रेक ५ मिनिटे ८ सेकंदांत पूर्ण केला, म्हणजे शॉटमागे नऊ सेकंदही लागले नाहीत. २००५ मध्ये पीटर एब्डनने त्याच ओ'सलिव्हनविरुद्ध १२ गुणांच्या ब्रेकला पाच मिनिटांहून अधिक वेळ घेतला आणि लढत १३-११ अशी जिंकली. एखाद्या खेळाडूचा वेग त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा बराच बदललेला दिसला, तरच या आकड्याला आढाव्यात जागा द्यावी.

परस्परांविरुद्धच्या लढतींचा इतिहास आणि बरोबरीनंतरच्या शेवटच्या, निर्णायक फ्रेममधील यश, हे दोन आकडे वाचकांना प्रिय असले तरी लेखकाने त्यांच्याशी कठोर वागावे. ओ'सलिव्हन, जॉन हिगिन्स आणि विल्यम्स हे तिघेही १९९२ मध्ये व्यावसायिक झाले. त्यांच्या आपसातील लढतींचा हिशेब तीन दशकांचा आहे आणि त्यातील विशीतल्या निकालांचा आजच्या लढतीशी फारसा संबंध नाही. मागील तीन-चार वर्षांचेच निकाल घ्यावेत आणि लढतींऐवजी फ्रेम मोजाव्यात, कारण ६-५, ६-५ आणि ६-४ अशा तीन विजयांना ‘३-० चे वर्चस्व’ म्हणणे खरे नव्हे. निर्णायक फ्रेमचे तर निव्वळ नाणे उडवून पाहावे. दहापैकी आठ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता साडेपाच टक्के असते. सुमारे १२८ जणांच्या व्यावसायिक वर्तुळात प्रत्येकाच्या दहा निर्णायक फ्रेम धरल्या, तर मनोधैर्याचा काहीही संबंध नसताना सात खेळाडूंच्या नावापुढे असा विक्रम केवळ योगायोगाने जमा होईल.

‘क्रुसिबलच्या शापा’चेही तसेच आहे. १९७७ मध्ये स्पर्धा तेथे गेल्यापासून २०२५ पर्यंत पहिल्यांदा जगज्जेता झालेल्या एकालाही पुढच्या वर्षी ते विजेतेपद राखता आले नाही. असे सुमारे २० विजेते धरून प्रत्येकाला पुन्हा जिंकण्याची १० टक्के संधी दिली, तर सर्वच्या सर्व अपयशी ठरण्याची शक्यता सुमारे १२ टक्के येते. दुर्मीळ, पण चमत्कार नव्हे.

या साऱ्यातून अंदाज बांधण्याची माझी पद्धत साधी आहे. मागील १२ ते १८ महिन्यांत खेळाडूने क्रमवारीतील पहिल्या ३२ जणांविरुद्ध किती फ्रेम खेळल्या आणि किती जिंकल्या, एवढेच मी काढतो. एका फ्रेमच्या शूट आउटसारख्या, घड्याळाविरुद्ध खेळल्या जाणाऱ्या स्पर्धा त्यातून वगळतो. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या फ्रेम धरल्या, तर पात्रता फेऱ्यांमध्ये रमणारा खेळाडू अव्वल खेळाडूंशी झुंजणाऱ्यापेक्षा सरस दिसू लागतो. समजा, क या खेळाडूने अशा ५४ टक्के फ्रेम जिंकल्या आहेत आणि ख ने ४९ टक्के. दोघांतील पाचाचा फरक ५० मध्ये मिळवला की कोणतीही फ्रेम जिंकण्याची क ची शक्यता ५५ टक्के येते, आणि वर सांगितल्याप्रमाणे १९ फ्रेमच्या लढतीत ती ६७ होते. म्हणजे अशा तीन लढतींपैकी एक ख जिंकेल. हे गणित ढोबळ आहे. २०० फ्रेमवर काढलेली टक्केवारी निव्वळ योगायोगाने साडेतीन टक्के इकडे किंवा तिकडे सहज सरकते, म्हणून ५४ आणि ५२ यांत फरक आहे असे लिहू नये. लाँग पॉट, सत्तरीचे ब्रेक, अलीकडचा प्रवास, लागोपाठच्या स्पर्धांचा थकवा यांचा विचार त्यानंतर करावा आणि त्यांच्यामुळे आकडा दोन-तीन टक्क्यांहून अधिक हलवू नये.

लिहिताना विजेत्याचे एकच नाव ठामपणे देण्याचा मोह आवरावा. पाच फेऱ्यांच्या स्पर्धेत प्रत्येक लढत जिंकण्याची ७० टक्के शक्यता असलेला, म्हणजे फारच बलाढ्य, खेळाडूही विजेता होण्याची शक्यता सुमारे १७ टक्केच असते. ‘अमुक जिंकेल’ याऐवजी ‘अमुकला सर्वाधिक, म्हणजे सहापैकी एक संधी आहे’ असे लिहावे आणि त्याच्या सोडतीच्या भागात कोणती लढत सर्वांत धोक्याची आहे, ते कारणासह सांगावे. ज्याच्याविषयी पुरेशा फ्रेम उपलब्ध नाहीत, त्याच्या नावापुढे टक्केवारी न देता तसे स्पष्ट नोंदवावे. प्रत्येक लढतीसाठी दिलेली टक्केवारी तारखेसह जपून ठेवावी. दोन-तीन मोसमांत शंभरेक लढती जमल्या की ज्यांना ६५ ते ७० टक्के दिले होते त्यांपैकी खरोखर किती जिंकले, ते मोजावे; ८० टक्के जिंकलेले निघाले, तर आपण सरस खेळाडूंना कमी लेखत होतो, आणि ५५ टक्केच जिंकलेले निघाले, तर मोठ्या नावांवर गरजेपेक्षा अधिक विसंबत होतो. पुढील स्पर्धेची सोडत जाहीर होण्यापूर्वी ही दुरुस्ती तक्त्यात करून ठेवावी.