समुद्री जिवांना नेमका कशाचा आणि किती धोका? तक्ता असा भरा

किनाऱ्यावर वाहून आलेली मेलेली कासवं मोजायची, आलेख काढायचा आणि खाली 'मासेमारीमुळे कासवांना गंभीर धोका' असं लिहून मोकळं व्हायचं. असे अहवाल इतके वाचलेत की आता पहिल्या पानावरूनच शेवट सांगता येतो. निष्कर्ष चुकीचा असतो असं नाही, पण त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. कुठल्या जाळ्यात? कुठल्या महिन्यात? किती पाण्यात?

त्यात मढं म्हणजे वाऱ्याची बातमी. जून-जुलैत बंदी असते, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात, तरी पुळणीवर मढी येतात, कारण पावसाळी वारा किनाऱ्याकडे लोटतो. शिवाय जिथे पर्यटक आणि फोन जास्त, तिथे नोंदी जास्त. मेलेल्या जनावरांची नोंद जरूर ठेवा, पण तिच्यावर धोका ठरवू नका.

मी सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या पट्ट्यात हे काम करते, ते ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मासेमारीसाठी रुजवलेल्या 'पीएसए' (प्रॉडक्टिव्हिटी-ससेप्टिबिलिटी अॅनालिसिस) पद्धतीने. नाव विसरलात तरी चालेल. तत्त्व एवढंच: हा जीव माणसाच्या कामाच्या वाटेत किती येतो, आणि फटका बसला तर किती लवकर सावरतो. दोन्हींना १ ते ३ गुण. ३ म्हणजे वाईट.

जोड्या लिहा

नुसतं 'डॉल्फिन' लिहू नका. 'हंपबॅक डॉल्फिन आणि गिलनेट' (मासा कल्ल्यांत अडकवणारं जाळं) ही एक ओळ, 'हंपबॅक डॉल्फिन आणि पर्यटकांच्या बोटी' ही दुसरी. कासव आणि ट्रॉल (बोटीने ओढत न्यायचं जाळं), कासव आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं), व्हेल शार्क आणि पर्ससीन (माशांच्या थव्याभोवती टाकून खालून आवळायचं जाळं), असं पुढे. दहा-पंधरा जोड्या पुरेत. एका संस्थेचा साठ ओळींचा तक्ता मी पाहिलाय, त्यातल्या चाळीस ओळी अंदाजाने भरलेल्या होत्या.

सावरण्याची ताकद

हे घरी बसून होतं. वयात येण्याचं वय, आयुष्य, पिल्लं किती, आकार, अन्नसाखळीतली जागा अशा सात गोष्टींना गुण द्या आणि सरासरी काढा. हंपबॅक डॉल्फिनची मादी दहाएक वर्षांची झाल्यावर विते, एका वेळी एकच पिल्लू, आणि दोन पिल्लांमध्ये साधारण तीन वर्षांचं अंतर. आयुष्य मोठं, गुण २.७ च्या आसपास येतात. इथे घोळ होतो तो कासवाचा. मूळ साचा माशांसाठी बनवलेला, त्यामुळे 'एका खेपेला शंभर अंडी' आणि 'लांबी एक मीटरच्या आत' पाहून तो कासवाला उदारपणे कमी गुण देतो. त्या शंभरातलं एखादंही मोठं होईल याची खात्री नसते. म्हणून कासवासाठी मी आकाराचा रकाना गाळते आणि अंड्यांना सरळ ३ देते, खाली कारण लिहून. कुणी हरकत घेतली तर वाद घालते.

वाटेत येणं: इथेच माझी फजिती झाली

पहिल्या वर्षी मी तालुकावार बोटींचे आकडे आणले, डॉल्फिन दिसल्याच्या नोंदींचा नकाशा आणला, एकावर एक ठेवले आणि चौकोन रंगवले. लाल, पिवळा, हिरवा. छापून, लॅमिनेट करून मालवणच्या बंदरावर घेऊन गेले. एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, तो कागद उलटा धरला, सुलटा केला, आणि विचारलं, "गो बाय, ह्या समुद्राक तळ खंय आसा?"

त्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकाच चौकोनात सुरमईचं जाळं वरच्या पाण्यात तरंगत वाहतं आणि कोळंबीचं ट्रॉल तळ खरवडत जातं. वरून पाहिलं तर दोन्ही एकाच जागी. पाण्यातल्या जनावराला मात्र ती दोन वेगळी जगं. म्हणून आता मी 'वाटेत येणं' हा एक रकाना ठेवतच नाही. तीन प्रश्न, तिन्हीची उत्तरं वेगळी लिहायची.

पहिला, किती वावांत? मीटर विचारू नका. तांडेल वावात सांगतो, एक वाव साधारण १.८ मीटर, हिशेब तुम्ही करा. हंपबॅक डॉल्फिन बहुतेक पंचवीस मीटरच्या आतच असतात, म्हणजे तेरा-चौदा वावांच्या आत. छोट्या गिलनेटवाल्यांचं रोजचं पाणी तेच. दोघांची वाट शंभर टक्के एक. उलट, ट्रॉलर त्या उथळ पाण्यात येत नाही असं कुणी कायद्याचं कलम दाखवून सांगितलं तर मान हलवा आणि पुढच्या माणसाला विचारा. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम ट्रॉलर कुठे नसावा ते सांगतो, तो कुठे आहे ते नाही. कायदा पाहून १ गुण देणं हा आळस आहे.

दुसरा, कुठल्या महिन्यात? वर्षभराची सरासरी काढणाऱ्यांवर माझा विशेष राग. महाराष्ट्रात पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा, आणि ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत येतात. गाठ पडते ती नोव्हेंबर-डिसेंबरात. बारा महिन्यांत भागलंत की ही गाठ पातळ होऊन दिसेनाशी होते. माझा नियम: सगळ्यात वाईट महिन्याचे गुण द्या आणि बाजूला महिन्याचं नाव लिहा. पुढे उपाय सुचवताना ते नावच उपयोगी पडतं, गुण नव्हे.

तिसरा, पाण्याच्या कुठल्या थरात, आणि दिवसा की रात्री? संध्याकाळी टाकून पहाटे ओढलेलं जाळं आणि दोन तासांत ओढलेलं जाळं, तक्त्यात दोन ओळी करा. लांबट होईल, होऊ द्या.

आता ज्या चुकीने माझं अख्खं वर्ष वाया गेलं, ती. फिनलेस पॉरपॉइज, हा डॉल्फिनचा छोटा नातेवाईक, आमच्या पट्ट्यात फारसा 'दिसत' नाही म्हणून मी ट्रॉलपुढे त्याला १ दिला. या प्राण्याच्या पाठीवर पर नसतो. वर येतो तोही क्षणभर, उडी नाही, फवारा नाही, टायरच्या ट्यूबचा तुकडा पालथा व्हावा तसा. पाण्याला जरा जरी सुरकुती असली तरी दिसत नाही. मी नऊ वाजता बोटीत बसायचे, दहाला वारा सुटायचा, मग बघणार काय? दिसला नाही याचा अर्थ मी पाहू शकले नाही, एवढाच होता. पुढच्या हंगामात पहाटे, आरशासारख्या पाण्यात गेले तेव्हा पहिल्या तासातच तीन दिसले.

म्हणून हे भिंतीवर लिहून ठेवा: माहिती नसेल तर ३. शून्य नाही, १ नाही, 'मध्यम' म्हणून २ सुद्धा नाही. पद्धतच तशी बांधली आहे. माहिती आणा आणि मग गुण उतरवा. रिकाम्या रकान्यात १ भरणाऱ्याला मी दुसऱ्यांदा सोबत घेत नाही.

सॅटेलाइट टॅगच्या नकाशांबद्दलही एक. २०२२ मध्ये कोकणातल्या पाच कासवांना टॅग लावले गेले, पुढच्या वर्षी गुहागरला आणखी दोघींना. त्यातली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. नकाशे सुरेख आहेत आणि लोक त्यांच्या रेषांवरून धोक्याचे पट्टे आखतात. सात कासवांवरून पट्टे आखू नका. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की 'आमच्या किनाऱ्याचं कासव' वर्षाचा बराच काळ आमच्या तक्त्याबाहेर असतं. तशी टीप तळाला टाका.

माणसांना काय विचारायचं

"तुमच्या जाळ्यात कासव येतं का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही". का सांगतील? कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क सगळे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. तुम्ही सरकारी की पोलिसांचे, हे त्यांना ठाऊक नाही. "जाळं कशानं फाटतं?" हे विचारा. मग तासभर ऐकायची तयारी ठेवा. डॉल्फिन जाळ्यातला मासा ओढून नेतात, जाळ्याला भोकं पडतात, मुशी गुंडाळते, कासव पाय अडकवून बसतं. खर्च किती आला, कुठल्या महिन्यात, किती वावांत, सगळं न विचारता येतं. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, तेही सांगा. काही जणांना अजून माहीत नसतं. वही मात्र लगेच काढू नका, घरी येऊन लिहा.

अडकल्यावर काय

जीव जाळ्यात अडकण्याच्या आकाराचा आहे का, याचे गुण, आणि अडकल्यावर मरतो का, याचे गुण. रापणीत आलेलं कासव बहुतेकदा जिवंत असतं, खलाशी ते पाण्यात ढकलतात, तिथे १. रात्रभर बुडालेल्या गिलनेटात श्वासासाठी वर यावं लागणारं जनावर आलं तर ३. पर्यटकांच्या बोटींना हा रकाना लागू होत नाही. तिथे मरणाऐवजी, बोटी आल्यावर कळप खाणं सोडतो का, पिल्लू आईपासून दूर पडतं का, हे पाहा. हे गुण वेगळ्या पानावर ठेवा, जाळ्यांच्या गुणांत मिसळू नका.

हिशेब

जागा (वाव आणि महिना), थर, आकार, मृत्यू या चारांच्या गुणांचा गुणाकार करा. त्यातून १ वजा करा, ४० ने भागा, १ मिळवा. हा झाला वाटेत येण्याचा आकडा. त्याचा वर्ग अधिक सावरण्याच्या आकड्याचा वर्ग, बेरजेचं वर्गमूळ. ३.१८ च्या वर मोठा धोका, २.६४ च्या खाली कमी, मधला मध्यम.

डॉल्फिन-गिलनेट घ्या. चारही ३, गुणाकार ८१, आकडा ३. सावरणं २.७. उत्तर ४.०४, निर्विवाद लाल. आता तालुक्याच्या नकाशावर विसंबून जागेला १ द्या, बाकी तसंच. गुणाकार २७, आकडा १.६५, उत्तर ३.१६. झाला 'मध्यम'. एका रकान्याने. पहिल्या वर्षीचा माझा पिवळा चौकोन असाच तयार झाला होता.

आकड्यामागे दोन दशांश दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. ३.१६ आणि ३.२० यांत फरक नाही. सीमेवरच्या ओळींना मी वरच्याच गटात टाकते.

बंदरावर परत

तक्ता छापा, लॅमिनेट करू नका. पेन्सिल घेऊन जा. लिलाव आटोपल्यावर, चहाच्या वेळी, तांडेलांसमोर पसरा आणि एकेक ओळ वाचा. रकाने खोडले जातील, तेवढ्यासाठीच गेलात. माझ्या मागच्या तक्त्यात पर्ससीनच्या ओळीत कुणीतरी माझा नोव्हेंबर खोडून ऑक्टोबर केला, आणि शेजारी, मी विचारलंही नव्हतं तरी, वाव लिहिले. ऑगस्टात बोटी पुन्हा उतरल्या की नवीन पान काढा, जुनं फेकू नका, वर तारीख घाला.