जुन्या नियतकालिकांचे स्कॅन ॲमेझॉन एस थ्रीवर ठेवण्यापूर्वीची तयारी

ग्रंथालयाने जुन्या नियतकालिकांची पाने स्कॅन करून घेतली की त्या फाइली बहुधा दोन-तीन हार्ड डिस्कांवर राहतात, आणि त्या डिस्का ज्या इमारतीतल्या कपाटात असतात त्याच इमारतीत मूळ कागदही असतो. एखादी आग किंवा एखादा पूर दोन्ही एकदमच नेऊ शकतो. म्हणून आणखी एक प्रत दूर कुठेतरी असावी हे पटण्यासारखे आहे, आणि त्यासाठी २००६ पासून चालू असलेली ॲमेझॉनची एस थ्री ही इंटरनेटवरून फाइली भाड्याने साठवून ठेवण्याची सेवा उपयोगी पडते. पुढील तयारी तिला धरून लिहिली आहे. या सेवेतले काही निर्णय पहिली फाइल चढवल्यानंतर बदलताच येत नाहीत आणि काही बदलायचे झाले तर पुन्हा पैसे व वेळ खर्चावा लागतो, त्यामुळे ते आधी कागदावर ठरवून कार्यकारिणीसमोर ठेवावेत.

सर्वांत आधी खाते कोणाचे, हे ठरवावे. ते संस्थेच्या ईमेल पत्त्यावर उघडावे, उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी पत्त्यावर उघडू नये, कारण माणसे गाव बदलतात, आजारी पडतात आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. मूळ खात्याला दुहेरी पडताळणी लावून ते बाजूला ठेवावे आणि रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे वापरकर्ते तयार करावेत. बिल कोणत्या कार्डावर जाते आणि त्या कार्डाची मुदत कधी संपते, याची नोंद खजिनदाराकडे असावी. बिल थकले तर खाते आधी स्थगित होते व पुढे बंद होऊ शकते. बंद खाते पुन्हा उघडून घेण्यासाठी ९० दिवस मिळतात, त्यानंतर आतील सामग्री परत मिळेल अशी आशा धरता येत नाही.

मग साठा किती आहे ते मोजावे. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन) रंगीत स्कॅन केले आणि दाबून लहान न करता साठवले, तर एका पानाला सुमारे २६ एमबी लागतात. म्हणजे १ लाख पानांना साधारण २.६ टीबी. सेकंदाला ५० मेगाबिट अपलोडची जोडणी पूर्ण वेगाने अखंड चालली तरी एवढे चढायला जवळजवळ ५ दिवस जातात. हा हिशेब आधी केला म्हणजे जोडणी वाढवायची की काम रात्री चालवायचे, हे ठरवता येते. मासिक खर्चाचा अंदाजही याच आकड्यावरून निघतो, आणि त्यात १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नये.

फाइली ज्या बकेटमध्ये, म्हणजे सेवेतल्या आपल्या नावाच्या कप्प्यात, जातात तिचे ठिकाण आणि नाव, दोन्ही कायमचे असतात. भारतात मुंबईचे केंद्र २०१६ पासून आणि हैदराबादचे २०२२ पासून चालू आहे. महाराष्ट्रातल्या संस्थेने मूळ प्रतीसाठी मुंबई घ्यावी हे सोयीचे वाटते, पण ज्या ग्रंथालयाची इमारतच मुंबईत आहे त्याने हैदराबादचा विचार जरूर करावा, कारण दूर प्रत ठेवण्याचा उद्देशच तो आहे. बकेटचे नाव ३ ते ६३ अक्षरांचे, रोमन लहान लिपीतले असावे लागते आणि सर्वसाधारण बकेटसाठी ते जगभरच्या नावांत वेगळे असावे लागते, म्हणून संस्थेच्या नावाची दोन-तीन रूपे हाताशी ठेवावीत.

फाइलींच्या नावांवर मात्र घाई करू नये. माझ्या मते संपूर्ण तयारीतला निम्मा वेळ इथे गेला तरी तो सत्कारणी लागतो. नेहमीच्या बकेटमध्ये खरे फोल्डर नसतात. तिरप्या रेघांनी विभागलेले एक लांब नाव असते आणि पडदा ते फोल्डरासारखे दाखवतो एवढेच. परिणामी ‘फोल्डर’चे नाव बदलणे म्हणजे त्यातील प्रत्येक फाइलीची नव्या नावाने नक्कल करून जुनी पुसणे होय, आणि फाइली थंड साठ्यात, म्हणजे वर्षानुवर्षे न उघडल्या जाणाऱ्या फाइलींच्या स्वस्त साठ्यात, गेलेल्या असतील तर त्या आधी तिथून बाहेर काढाव्या लागतात. नाव नियतकालिकाचे संक्षिप्त रूप, वर्ष, महिना आणि पान या क्रमाने असावे. यादी बाइटांच्या क्रमाने लावली जात असल्यामुळे पान २ हे २ असे न लिहिता ००२ असे लिहावे, नाहीतर १० वे पान त्याच्या आधी येऊन बसते. जुन्या अंकांवर बहुधा शक छापलेला असतो; त्यात ७८ मिळवून इसवी सन निघतो, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या अंकांसाठी ७९ मिळवावे लागतात. कामाला बसलेल्या प्रत्येकाने हा हिशेब आपापल्या परीने केला तर एकाच वर्षाचे अंक दोन ठिकाणी विखुरतात, म्हणून फाइलीच्या नावात इसवी सनच येईल असा लेखी नियम करावा आणि शक सूचीत नोंदवावा.

नावे देवनागरीत द्यावीत असा आग्रह मनापासून समजण्यासारखा आहे आणि सेवा ती स्वीकारतेही, परंतु त्यातल्या अडचणी जाणून घ्याव्यात. नावाची मर्यादा १,०२४ बाइटांची असून देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘पुण्यातील’ हा छोटा शब्दच २७ बाइटांचा होतो. त्याहून मोठा धोका ‘ऱ’सारख्या अक्षराचा आहे. ते युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसते, पण एस थ्रीच्या लेखी ती दोन वेगळी नावे ठरतात आणि शोधणाऱ्याला फाइल सापडत नाही. म्हणून फाइलीचे नाव साध्या रोमन अक्षरांत व अंकांत ठेवावे, आणि नियतकालिकाचे, लेखाचे व लेखकाचे शुद्ध मराठी नाव वेगळ्या सूचीत लिहून ती सूचीही बकेटमध्ये ठेवावी. स्कॅन कधी झाले ती तारीखही सूचीतच हवी, कारण सेवा फाइलीसमोर जी तारीख दाखवते ती चढवल्याची असते.

आता साठ्याचा प्रकार. रोज लागणाऱ्या फाइलींसाठी स्टँडर्ड हा नेहमीचा प्रकार आहे, क्वचित लागणाऱ्यांसाठी स्टँडर्ड-आयए, आणि वर्षानुवर्षे न उघडल्या जाणाऱ्यांसाठी ग्लेशियर डीप आर्काइव्ह, जो खूप स्वस्त आहे पण फाइल परत हातात यायला १२ तासांपर्यंत, आणि स्वस्त पद्धतीने मागवली तर ४८ तासांपर्यंत वेळ घेतो. मूळ मोठ्या स्कॅनसाठी डीप आर्काइव्ह मला योग्य वाटते. मात्र त्यात किमान १८० दिवसांचे भाडे धरलेले असते, त्यामुळे ज्या पानांचे पुन्हा स्कॅन व्हायचे आहे ती तिथे पाठवू नयेत. लहान फाइलींचाही विचार करावा: स्टँडर्ड-आयएमध्ये १२८ केबीपेक्षा लहान फाइलीला १२८ केबीचेच पैसे पडतात, आणि डीप आर्काइव्हमध्ये प्रत्येक फाइलीमागे ४० केबी वरकड धरले जातात. स्कॅनवरून संगणकाने पानागणिक ओळखलेल्या मजकुराच्या चिमुकल्या फाइली असतील तर प्रत्येक अंकाच्या फाइली एकत्र बांधून ठेवाव्यात. वन झोन हा प्रकार एकाच ठिकाणी प्रत ठेवतो. ज्याचा कागद झिजत चालला आहे अशा सामग्रीसाठी तो घेऊ नये.

ॲमेझॉन या सेवेचा टिकाऊपणा ९९.९९९९९९९९९ टक्के इतका सांगते, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. तो आकडा यंत्र बिघडून फाइल नष्ट होण्याबद्दल आहे. फाइल हवी तेव्हा मिळेलच याबद्दल नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी व्हर्जिनियातल्या केंद्रात एका चुकीच्या आज्ञेमुळे गरजेपेक्षा जास्त सर्व्हर बाजूला काढले गेले आणि सेवा सुमारे ४ तास विस्कळीत राहिली. आपल्याच माणसाने चुकून पुसलेल्या फाइलीलाही तो आकडा वाचवत नाही. त्यासाठी पहिल्या दिवसापासून व्हर्जनिंग सुरू करावे, म्हणजे पुसलेली किंवा वर नवी लिहिली गेलेली प्रत मागे राहते. ते एकदा सुरू केले की पूर्ण बंद करता येत नाही, फक्त थांबवता येते, आणि जुन्या प्रतींचेही भाडे पडते, म्हणून त्या किती दिवस ठेवायच्या याचा नियम सोबतच लावावा. ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत फाइल पुसू न देणारे कुलूप, वापरायचे असेल तर आधी गव्हर्नन्स पद्धत घ्यावी, कारण तीत खास अधिकार दिलेल्या वापरकर्त्याला ते कुलूप काढता येते. कम्प्लायन्स पद्धतीत मुदत संपेपर्यंत मूळ खातेदारालाही फाइल पुसता येत नाही.

वाचकांना सामग्री खुली करायची असेल तर ती याच बकेटमधून करू नये. एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटला सार्वजनिक प्रवेश आपोआप बंद असतो. मूळ प्रतींसाठी तो तसाच राहू द्यावा आणि वाचनासाठी लहान पीडीएफ दुसऱ्या बकेटमध्ये ठेवाव्यात. फाइली चढवताना इंटरनेटच्या वाहतुकीचे पैसे पडत नाहीत, उतरवताना पडतात. महिन्याला पहिले १०० जीबी मोफत आहेत, पण ५० एमबीचा अंक २,००० वाचकांनी उतरवला की ते संपतात, तेव्हा बिलाची मर्यादा ओलांडताच ईमेल येईल अशी सूचना लावून ठेवावी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो आणि एका अंकात अनेक लेखक असतात, याचीही छाननी खुले करण्यापूर्वी व्हावी.

चढवण्यापूर्वी प्रत्येक फाइलीची एसएचए-२५६ बेरीज (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारी, फाइल जराही बदलली तर बदलणारी खूण) काढून सूचीत लिहावी आणि चढवतानाही तीच तपासणी मागावी. मोठ्या फाइली तुकड्यांनी जातात. वीज गेल्याने अर्धवट राहिलेले तुकडे यादीत दिसत नाहीत पण त्यांचे भाडे चालू राहते, म्हणून ठरावीक दिवसांनी ते काढून टाकण्याचा नियम लावावा.

सगळे चढवण्याआधी एका वर्षाचे अंक घेऊन पूर्ण फेरी करावी: चढवावेत, डीप आर्काइव्हमध्ये जाऊ द्यावेत, तिथून परत मागवावेत, वेगळ्या संगणकावर उतरवून बेरजा जुळवाव्यात. परत मागवलेली प्रत आपण सांगितलेल्या दिवसांपुरतीच उपलब्ध असते, तेवढ्यात ती उतरवून घ्यावी. ही फेरी ज्याने व्यवस्था उभी केली त्याने करू नये. लिहिलेल्या सूचना वाचून दुसऱ्या कोणीतरी करावी आणि ती व्यक्ती जिथे अडेल तिथे सूचना दुरुस्त करून मगच हार्ड डिस्कांना हात लावावा.