उमेदवाराच्या रेकॉर्डला फाइल कशी जोडावी: आधी पाटील नेमके कोणते ते बघा

रिक्रूटमेंट सॉफ्टवेअर शिकवायला येणारी माणसं हटकून पेपरक्लिपच्या चिन्हापासून सुरुवात करतात. इथे दाबा, फाइल निवडा, सेव्ह करा. अहो, पेपरक्लिप दाबायला कुणाला शिकवावं लागत नाही. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांसाठी माणसं भरताना मी जेवढे घोटाळे पाहिले (आणि केले), त्यातला एकही बटण न सापडल्यामुळे झालेला नव्हता.

सगळ्यात आधी फाइल उघडून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या तीन पानांतलं एक पान उलटं असतंच. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष. तशीच फाइल चढवलीत तर पुढचा माणूस तुम्हालाच फोन करणार. पासवर्ड टाकून उघडा आणि प्रिंटमध्ये जाऊन नव्याने पीडीएफ करा. खरं तर ऑफर हातात पडेपर्यंत आधार मागूच नये, आणि मागितलं तर फक्त शेवटचे ४ आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

रेझ्युमे असेल तर त्यातली एक ओळ माउसने निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच निवडलं गेलं नाही तर तो नुसता फोटो आहे. मराठी रेझ्युमे चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा भुगा पडला, तर तो श्री-लिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला. दिसायला सुरेख, पण सॉफ्टवेअरला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही आणि उद्या 'वेल्डर' शोधलंत तर हा माणूस सापडणार नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घ्या, नाहीतर शिक्षण आणि अनुभव हाताने भरा.

फाइलचं नाव: उमेदवाराचं पूर्ण नाव, कागद कोणता, महिना-वर्ष. संपलं.

आता खरा विषय. फाइल कुणाच्या रेकॉर्डला जोडताय?

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आम्ही क्वालिटी इन्स्पेक्टर भरत होतो. मी सर्चमध्ये नाव टाकलं, जो पाटील पहिला आला त्याला सॅलरी स्लिप चिकटवली आणि पुढच्या कामाला लागले. पाटील दोन होते. नाव तेच, दोघंही सांगलीकडचे, दोघांचा डिप्लोमा मेकॅनिकलचा, फरक फक्त वडिलांच्या नावात. मुलाखतीत क्लायंटच्या साहेबांनी स्लिप समोर धरली, तेव्हा तो मुलगा म्हणाला, "सर, ही माझी नाही. एवढा पगार असता तर मी इथे कशाला आलो असतो?" साहेब हसले. मला हसू आलं नाही. त्या स्लिपवर दुसऱ्या मुलाचा बँक खाते क्रमांक होता, पीएफचा यूएएन नंबर होता. त्याला कळवणं भाग होतं. तो फोन मी तीनदा लावून कट केला.

तेव्हापासून नावाने शोधणं बंद. मोबाइल नंबरने शोधा. पण तेवढ्यावरही भागत नाही, कारण गावाकडून अर्ज करणारे दोन सख्खे भाऊ वडिलांचा एकच नंबर देतात. म्हणून दोन खुणा जुळल्याच पाहिजेत: मोबाइल आणि जन्मतारीख, किंवा मोबाइल आणि ईमेल. जुळवायच्या म्हणजे हातातल्या कागदावरून स्क्रीनवर, बोट ठेवून. 'मला माहीत आहे हा कोण ते' असं म्हणणाऱ्यांनी तर दोनदा.

नावाने शोधण्यात उलटाही धोका आहे. दीपकचं स्पेलिंग एकदा 'आय'ने केलेलं असतं, एकदा 'डबल ई'ने. जुनं रेकॉर्ड सापडत नाही, घाईत नवं बनतं आणि एका माणसाचे कागद दोन ठिकाणी विखुरतात. अशी जोडी सापडली तर आधी मर्ज करा, मगच फाइल जोडा. मर्ज करताना मुलाखतीचे शेरे कुठल्या रेकॉर्डमध्ये आहेत ते बघून तेच मुख्य ठेवा. एकदा जोडलेली रेकॉर्डं पुन्हा सुटी करणं बहुतेक ठिकाणी जमत नाही. आणि कृपा करून दहा उमेदवार दहा टॅबमध्ये उघडून बसू नका. त्याने वेळ वाचतो असं सांगणाऱ्याने स्वतः कधी असा फोन केलेला नसतो.

रेकॉर्ड बरोबर मिळालं की पुढचं फारसं अवघड नाही. रेझ्युमे उमेदवाराच्या मुख्य रेकॉर्डला, आणि एखाद्या जागेपुरता असलेला कागद, म्हणजे चाचणीचा पेपर किंवा ऑफर लेटर, त्या जागेच्या अर्जाला. फाइल जोडताना ती कसली ते विचारणाऱ्या प्रकाराच्या यादीत पहिला पर्याय बहुधा 'रेझ्युमे' असतो, म्हणून सगळंच त्यात ढकलू नका. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये क्लायंटकडे प्रोफाइल पाठवताना रेझ्युमे म्हणून नोंदलेली फाइल आपोआप सोबत जाते. पगाराचे आणि ओळखीचे कागद वेगळ्या प्रकारात टाका, आणि ते कुणाला दिसतात हे अ‍ॅडमिनला एकदा स्पष्ट विचारून घ्या. वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. 'चुकून गेलं' हे उत्तर आता पुरणार नाही.

सेव्ह केल्यावर फाइल रेकॉर्डमधूनच पुन्हा उघडा आणि वरचं नाव वाचा. मग डाउनलोड फोल्डरमधली प्रत काढून टाका, रीसायकल बिनमधूनसुद्धा. आमच्याकडे नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाच्या कॉम्प्युटरवर त्या फोल्डरमध्ये आधार कार्डांचा ढीग निघाला होता, आणि त्या खुर्चीवर तोवर दुसरा मुलगा महिनाभर बसून झाला होता.