निकालाआधी कलम वाचा

एलएलएमसाठी, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, अमेरिकेत आले, तेव्हा पहिले दोन महिने मी नुसती निकालपत्रं वाचत होते. पुण्यात ज्युनिअर वकील असतानाची सवय. एकदा वर्गात सरांनी विचारलं, "हे कलम मुळात आलं कशासाठी?" मला त्यावरचे तीन निवाडे तोंडपाठ होते, पण उत्तर येईना. तास संपल्यावर सर म्हणाले, "मिक्वा वाच."

अ‍ॅबनर मिक्वा शिकागोचे, आधी लोकप्रतिनिधी, मग न्यायाधीश. १९४८ मध्ये, विद्यार्थी असताना, निवडणूक प्रचाराला हातभार लावावा म्हणून ते वॉर्डातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत गेले. चिरूट चघळत बसलेल्या माणसाने विचारलं, "तुला पाठवलं कुणी?" "कुणीच नाही." "कुणी न पाठवलेला माणूस आम्हाला नको!" हा प्रसंग ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. पण त्यांनी राजकारण सोडलं नाही. वकिली करता करता १९५६ मध्ये ते इलिनॉयच्या विधिमंडळात निवडून आले, दहा वर्षं तिथे राहिले आणि मग काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेले. १९७२ मध्ये हरले, १९७४ मध्ये परत आले. १९७९ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना वॉशिंग्टनच्या फेडरल अपील कोर्टावर नेमलं. बंदूकवाल्यांच्या संघटनेने कडाडून विरोध केला, तरी सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, ५८ विरुद्ध ३१ मतांनी मंजुरी दिली. १९९१ मध्ये ते तिथले मुख्य न्यायाधीश झाले. आपल्याकडे कृष्ण अय्यर असेच केरळात मंत्री होते, नंतर सुप्रीम कोर्टात गेले.

मिक्वांचं एक म्हणणं मला फार पटलं. कायद्याचा अर्थ लावायचे जे नियम न्यायाधीश प्रमाण मानतात, ते कायदा करणाऱ्यांच्या गावीही नसतात. सभागृहाला काय हवं होतं, ते विधेयक तपासणाऱ्या समितीच्या अहवालात सापडतं. दोन्ही बाजूंना बसलेला माणूस हे सांगतो, म्हणून त्याला वजन आहे.

तेव्हापासून मी वाचनाचा क्रमच उलटा केला. आधी कलम, मग विधेयकाचा मसुदा, मग समितीचा अहवाल, निकाल सगळ्यात शेवटी. इथे मसुदे आणि अहवाल काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आपल्या विधेयकांना तर 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' जोडलेलंच असतं, बहुतेक वेळा दीड-दोन पानांचं. नव्या वकिलांनी ते एकदा तरी सावकाश वाचावं, हे मी कळकळीने सांगते. माझ्या वहीत आता प्रत्येक कलमाच्या डोक्यावर एक ओळ असते: हे कुणी मागितलं, आणि का?